देवगडच्या घरातला २०१६ चा डेस्कटॉप लिनक्सवर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातलं घर. २०१६ सालचा डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एक्सेलमध्ये, वाडीच्या देवस्थानचा पत्रव्यवहार श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, मुलीचा बारावीचा अभ्यास ब्राउझरमध्ये, प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. हे मशीन विंडोज ११ ला चालत नाही. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी संगणक-प्रणाली, टाकलं तर काय चालेल, काय बंद पडेल, आणि पावसाळ्यात घडीघडी वीज जाते तिचं काय?

चालेल, आणि आजच्यापेक्षा हलकं चालेल. लिनक्स टाकण्याचं काम पाऊण तासाचं आहे. मेहनत आहे ती त्याआधीच्या आठवड्यात, आणि तुमच्या बाबतीत ती दोन जागी आहे: श्री-लिपीतल्या जुन्या फाइली आणि तो प्रिंटर. या दोन गोष्टींचा निकाल आधी लावा. लिनक्स टाकायचा पेनड्राइव्ह नंतर.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ती तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण ज्या मशीनवर घरचा हिशेब आणि बँक आहे तिथे त्या करू नयेत. पुढचं एखादं मोठं अपडेट तिथे अडलं की ऐन हंगामात खोळंबा होतो.

हंगामावरून आठवलं, हे काम फेब्रुवारी ते मेमध्ये काढूच नका. परतीचा पाऊस आणि विजा संपल्या की नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. हवा कोरडी, वीज त्यातल्या त्यात स्थिर, आणि काही अडलं तर दुरुस्त करायला आठवडे हाताशी.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. आहे त्या हार्ड डिस्कवर लिनक्स टाकू नका. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क; साटा हा जोडणीचा प्रकार) विकत घ्या, जुनी डिस्क मशीनमधून काढा, तिच्या जागी एसएसडी लावा आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर टाका. याचे फायदे तीन. जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी राहते. काही बिनसलं तर केबल बदलली की अर्ध्या तासात जुनं मशीन परत. दुसरं, इन्स्टॉल करताना डिस्कच्या चुकीच्या विभाजनावर (पार्टिशनवर) टिचकी पडून डेटा जाण्याची भीतीच उरत नाही, कारण पुसण्यासारखं समोर काही नसतं. आणि तिसरं म्हणजे वेग. दहा वर्षं फिरलेल्या हार्ड डिस्कवर कुठलीही प्रणाली टाकली तरी ती रेंगाळणारच. लोक लिनक्स टाकून ‘तरी हळूच चालतं’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष त्या डिस्कचा असतो.

एसएसडीबरोबर जमलं तर ४ जीबी रॅम वाढवा. पण सहाव्या पिढीच्या मदरबोर्डांत दोन प्रकार होते, काही डीडीआर४ चे तर काही डीडीआर३एल चे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. म्हणून मागवण्याआधी झाकण उघडून पट्टीवरचं लेबल वाचा: ‘पीसी४’ असेल तर डीडीआर४, ‘पीसी३एल’ असेल तर डीडीआर३एल. बाजारात जाताना जुनी पट्टी सोबत नेली की प्रश्नच मिटतो.

झाकण उघडलंच आहे तर आणखी दोन गोष्टी करून घ्या. किनाऱ्यावरच्या घरात खारा वारा मशीनच्या आत जातोच. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि रबराचा चुरा मऊ ब्रशने झाडा. तो स्लॉटमध्ये पडू देऊ नका. साटा केबलच्या तोंडाशी हिरवट थर दिसला तर तो गंज आहे, अशी केबल पुसत बसू नका, नवी घ्या. आणि मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी बदलून टाका. ती संपलेली असली की प्लग काढला की मशीनची तारीख मागे जाते. तारीख चुकली की बँकेची वेबसाइट ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणते आणि लिनक्सची अपडेट्स ‘ही फाइल अजून वैध झालेली नाही’ असं सांगून नाकारली जातात. लोक तासन् तास इंटरनेट तपासत बसतात आणि खोट असते त्या छोट्याशा बॅटरीत.

जुनी डिस्क काढण्यापूर्वी विंडोजमध्ये काही कामं उरकायची आहेत. पहिलं, फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करेल हा पर्याय, आणि त्यातली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ही सोय चालू असताना विंडोज ‘बंद’ केलं तरी ते अर्धवट झोपलेलंच असतं, आणि ती डिस्क पुढे लिनक्सला जोडली की फाइली वाचता येतात पण काही लिहिता येत नाही. दुसरं, सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर नंतर ती डिस्क कुलूपबंद पेटीसारखी पडून राहील.

मग नक्कल. बाहेरच्या डिस्कवर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि फोटो उतरवा. डी ड्राइव्ह विसरू नका. जुने हिशेब बहुतेकदा तिथेच असतात. वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइलीच्या नावापुढे ढगाची खूण आहे का बघा. ती असेल तर फाइल तुमच्या मशीनवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. आधी ती उतरवून घ्यावी लागते. नक्कल झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळते का ते पाहा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड हेही याच वेळी काढून ठेवा.

आता श्री-लिपी. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण कोकणातल्या कितीतरी संस्थांची वीस-पंचवीस वर्षांची दप्तरं याच अवस्थेत आहेत. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘आंबा’ हा शब्द फाइलीत मराठी म्हणून साठवलेला नसतो. तिथे असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी चेहरा देतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर, मग ते लिनक्स असो की नवं विंडोज, पानभर विचित्र चिन्हं दिसतात. लिनक्सने फाइल बिघडवली असं लोकांना वाटतं. फाइल पहिल्यापासून तशीच होती.

अशा फाइलींचे दोन ढीग करा. जुने ठराव, मागच्या वर्षांची पत्रं, आता ज्यात काही बदल करायचा नाही असं सगळं विंडोजमध्येच उघडून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आतच साठवले जातात, म्हणून ती कुठेही नीट दिसते. दुसरा ढीग चालू कामाचा: लेटरहेड, वर्गणीच्या याद्या, पावतीचे नमुने. हे युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलीत मराठी मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावे लागतील. तुमच्या श्री-लिपीच्या आवृत्तीत रूपांतराची सोय असेल तर ती वापरा, कारण स्वतःच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी तिला बरोबर ठाऊक असते. बाहेरचं रूपांतर-साधन वापरलंत तर फॉन्टचं नेमकं नाव जुळवून घ्या. श्री-लिपी, डीव्हीबी-टीटी आणि कृतिदेव या तिन्हींची मांडणी वेगळी. एकाचं साधन दुसऱ्याला लावलं की भलतंच निघतं. एक्सेलमध्ये आकडे शाबूत असतात, फक्त बागायतदारांच्या आणि गावांच्या नावांचा रकाना बदलायचा असतो. तेवढा रकाना उचलून रूपांतर करून परत चिकटवा, सूत्रांना हात लावू नका.

रूपांतर झालं की ‘कार्यकारिणी’ हा शब्द शोधून बघा. त्यात रफार आहे आणि ह्रस्व वेलांटीही आहे. जुन्या फॉन्टांत ही वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. रूपांतर कच्चं असेल तर ते सगळ्यात आधी इथेच उघडं पडतं. दुसरी कसोटी ‘किनाऱ्यावर’. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना ते वेगळे शब्द ठरतात. यादीत नाव डोळ्यांसमोर असूनही शोधात सापडत नाही, तेव्हा हेच कारण असतं. रूपांतरानंतर एकदाच ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे पहिली तऱ्हा करून टाका.

आता कुठलं लिनक्स? पहिल्यांदाच येत असाल तर लिनक्स मिंटची २२ मालिका घ्या. तिचा पाया उबुंटू २४.०४ (लिनक्सचंच दुसरं रूप) आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतात. रॅम ४ जीबीच ठेवणार असाल तर एक्सएफसीई आवृत्ती, ८ जीबी करणार असाल तर सिनॅमन. दोन्हींत खालची पट्टी आणि डाव्या कोपऱ्यातला मेनू विंडोजसारखाच असतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना शिकवायला फार वेळ लागत नाही.

मिंट इन्स्टॉल करायची फाइल साधारण ३ जीबीची आहे. मोबाइलच्या रोजच्या १.५ किंवा २ जीबीच्या डेटात ती एका दिवसात उतरणार नाही आणि मधेच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. म्हणून टॉरेंटने उतरवा: तुटलं तिथूनच पुढे चालतं आणि आलेला प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जातो. ओळखीत कुणाकडे फायबर असेल तर पेनड्राइव्ह घेऊन जाणं सगळ्यात सोपं. थेट वेबसाइटवरून उतरवली असेल, तर विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तिची एसएचए२५६ संख्या (फाइलीचा ठसा) काढून मिंटने दिलेल्या संख्येशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या. अर्धवट आलेली फाइल इन्स्टॉल होताना ऐंशी टक्क्यांवर अडकते आणि दोष बिचाऱ्या मशीनला लागतो.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा बलेना एचर वापरून ती फाइल उतरवा. नुसती कॉपी करून चालत नाही, पेनड्राइव्हपासून मशीन सुरू होणार नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. ती मदरबोर्डनुसार एफ८, एफ११ किंवा एफ१२ असते. पहिल्या पडद्यावर खाली लिहिलेली दिसते. पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्यापुढे ‘यूईएफआय’ आहे ते निवडा. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, मिंट त्याच्यासकट चालतं. नवी एसएसडी इन्स्टॉलरला दिसतच नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) साटाचा प्रकार बघा. तो इंटेल आरएसटी किंवा रेड असेल तर एएचसीआय करा. एक मात्र ध्यानात ठेवा, जुनी विंडोज डिस्क परत लावाल तेव्हा हा पर्याय पूर्ववत करावा लागेल, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर थांबेल.

मिंट आता पेनड्राइव्हवरूनच चालू होईल, अजून काहीही इन्स्टॉल झालेलं नसताना. इथे घाई करू नका. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, वेबकॅम आणि माइक चालतो का, मुलीचे वर्ग ज्या साइटवर होतात ती उघडते का, हे सगळं याच अवस्थेत तपासा. यूएसबीचं स्वस्त वायफाय डोंगल असेल तर ते कदाचित ओळखलं जाणार नाही. मग फोन चार्जिंगच्या केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला लॅनच्या तारेसारखं लगेच ओळखतं आणि त्या इंटरनेटवर डोंगलचा ड्रायव्हर उतरवता येतो.

इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढलेलीच असू द्या. मग ‘संपूर्ण डिस्क पुसून मिंट टाका’ हा एरवी भीतीदायक वाटणारा पर्याय निर्धास्त निवडता येतो. मल्टीमीडिया कोडेक्सवर खूण करा. वेळेसाठी कोलकाता निवडा. कीबोर्ड मात्र इंग्रजीच ठेवा. इथे मराठी निवडलं तर पासवर्ड देवनागरी कळांनी टाइप होतो, आणि दुसऱ्या दिवशी लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड इंग्रजी असला की ‘पासवर्ड चुकीचा’ येत राहतं. रुपयाची खूण हवी असेल तर रुपयासह असलेला इंग्रजी-भारत कीबोर्ड घ्या. उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतो. मेनूंची भाषाही सुरुवातीला इंग्रजी राहू द्या. अडचण शोधताना इंग्रजी संदेश जसाच्या तसा शोधता आला की उत्तर लवकर सापडतं.

एसएसडीवर हे पंधरा-वीस मिनिटांत होतं. तेवढा वेळ वीज जाता कामा नये. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ स्थितीत आहे का ते बघा. ‘इको’ किंवा साध्या स्थितीत बॅटरीवर जायला त्याला थोडा जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं तेव्हा यूपीएस स्थितीतला इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर उडी मारतो, म्हणून इन्स्टॉलचं काम सकाळी करावं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर आधी टाइमशिफ्ट हा मिंटमधला प्रोग्रॅम उघडा आणि प्रणालीची आहे त्या स्थितीतली एक नक्कल (स्नॅपशॉट) साठवा, मग अपडेट्स घ्या. पहिलं अपडेट बरंच मोठं असतं, कधी १ जीबीच्याही वर जातं, म्हणून सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन तिथल्या यादीतला वेगवान सर्व्हर निवडा. टाइमशिफ्ट प्रणाली परत आणतं, तुमच्या फाइली नाही. हिशेबाची नक्कल वेगळी ठेवायचीच आहे.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये लेआउट जोडा. मराठीखाली इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक असे दोन्ही मिळतात. इनस्क्रिप्ट येत असेल तर तुम्हाला नवं काही शिकायचं नाही, कळा विंडोजमधल्याच आहेत: ऱ्या साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. जे इंग्रजी स्पेलिंग टाइप करून खाली येणाऱ्या पर्यायांतून शब्द निवडतात, त्यांची मात्र थोडी अडचण होईल. लिनक्समधली फोनेटिक पद्धत अक्षराला अक्षर लावते, शब्द सुचवत नाही. घरात कुणी नव्याने मराठी टायपिंग शिकत असेल तर त्याला थेट इनस्क्रिप्टच शिकवा, महिनाभरात हात बसतो आणि मग कुठल्याही मशीनवर चालतो.

मिंटमध्ये वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस असतं. त्यात दोन सेटिंग्ज पहिल्याच दिवशी करा. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अशा वाटेने गेलात की तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ आहे. ते चालू करून भाषा मराठी ठेवा. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरी मजकुराचा फॉन्ट व आकार वेगवेगळा साठवतं. स्टाइलमध्ये फक्त वरचा फॉन्ट बदलला की मराठी अक्षरं हलतही नाहीत, आणि लोकांना वाटतं प्रोग्रॅम बिघडला. खालच्या देवनागरी रकान्यात नोटो सॅन्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट निवडा. विंडोजमध्ये मंगलमध्ये लिहिलेलं पत्र इथे उघडलं की फॉन्ट बदलल्याने ओळी थोड्या सरकतील; बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवा.

दुसरी सेटिंग त्याच पानावरची, आणि हिशेबासाठी ती फार मोलाची: लोकेल, म्हणजे तारखा आणि आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते. ते अमेरिकन इंग्रजी असेल तर तुम्ही टाइप केलेलं ५/४ म्हणजे ५ एप्रिल न राहता ४ मे होतं. २५/४ टाइप केलं तर पंचविसावा महिना नसतो म्हणून ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून बसते, आणि चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसते. आंब्याचा जोर नेमका एप्रिल-मेमध्ये. कुठल्या दिवशी किती पेट्या गेल्या हे महिन्यावार लावायला गेलात की अर्ध्या नोंदी भलत्या महिन्यात आणि अर्ध्या बेरजेतच नाहीत. जुन्या एक्सेल फाइलीतल्या तारखा सुरक्षित असतात, कारण त्या आत आकडे म्हणून साठवलेल्या असतात; चुकतात त्या नव्याने टाइप केलेल्या. लोकेल ‘इंग्रजी (भारत)’ करा आणि एका रिकाम्या चौकटीत २५/४ टाइप करून पाहा. उजवीकडे सरकली की झालं. बेरजा, सरासरी, शोधाची सूत्रं हे सगळं चालतं. कुणी मॅक्रो लिहून दिला असेल तर तो चालेलच असं नाही, तो वेगळा तपासा.

प्रिंटर. कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण नव्या आवृत्त्यांवर तो बसवणं जिकिरीचं, आणि बसला तरी एखाद्या अपडेटनंतर प्रिंटर गप्प होतो. तुमच्यासारख्या घरात, जिथे हंगामात चलनं भराभर काढायची असतात, मी यावर भिस्त ठेवायला सांगणार नाही. घरात किंवा शेजारी विंडोजचा दुसरा लॅपटॉप असेल तर तूर्त प्रिंटर त्याला जोडा आणि पीडीएफ तिकडे पाठवा. पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाची खूण बघून घ्या. असा प्रिंटर लिनक्सला ड्रायव्हरशिवायच दिसतो. ज्यांच्याकडे एचपीचा लेझरजेट १०२० किंवा पी१००७ आहे त्यांनी एचपीएलआयपी (एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) बसवावं आणि त्याचं प्लगइन उतरवावं. प्लगइनशिवाय प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद बाहेर येत नाही. एप्सनचे टाकीवाले प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. टॅली विंडोजसाठीच बनतं. डिजिटल सहीचा टोकन किंवा अंगठ्याचं यंत्र लावून सरकारी पोर्टलवर रोज काम करणाऱ्यांनी त्यासाठी विंडोजचं मशीन वेगळं ठेवावं. तुमच्या यादीत यातलं काही नाही, म्हणूनच सुरुवातीला ‘चालेल’ असं ठामपणे लिहिलं.

पावसाळ्यातली वीज. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल मांडणी जर्नल ठेवते, म्हणजे लिहायच्या कामाची आधी नोंद करते, म्हणून अचानक वीज गेली तरी बहुतेक वेळा पुढच्या वेळी आपोआप सावरते. कधीतरी सावरत नाही. तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि शेवटी कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ लिहून कर्सर लुकलुकत राहतो. घाबरून मशीन बंद-चालू करू नका. वरच्या ओळींत एका विभाजनाचं नाव असतं, बहुधा एसडीए२, आणि ‘एफएससीके हाताने चालवा’ असं सांगितलेलं असतं. इंग्रजी लहान अक्षरांत एफएससीके, एक जागा, उणे चिन्ह आणि लगेच वाय, पुन्हा एक जागा, आणि पडद्यावर दिसतं तसंच विभाजनाचं पूर्ण नाव तिरक्या रेघांसकट टाइप करून एंटर दाबा. काही मिनिटं दुरुस्तीच्या ओळी सरकतील. मग एक्झिट टाइप करा, मशीन नेहमीसारखं सुरू होतं. हे कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवा, कारण ज्या दिवशी हे घडेल त्या दिवशी संगणकावर शोधता येणार नाही. एका पावसाळ्यात असं तीन-चारदा झालं तर ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये स्मार्ट तपासणी (डिस्कच्या तब्येतीची) बघा आणि छोटा यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा पुरतो, मशीन नीट बंद करण्याइतका वेळ त्यात मिळतो.

विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा हे कोकणात कुणाला सांगायला नको. पण केबलवाल्याची किंवा राउटरची लॅनची तारही काढा. फायबर काचेचा असतो, त्यातून झटका येत नाही. राउटरपासून संगणकापर्यंतची तार मात्र तांब्याची आहे.

कुणी म्हणेल, एसएसडी घेतलीच आहे तर दोन्ही प्रणाली एकत्र का नकोत? ठेवता येतात, पण विंडोजचं अपडेट कधीकधी सुरू होण्याचा क्रम बदलतं आणि मिंट गायब झाल्यासारखं वाटतं (बायोसमध्ये क्रम परत लावला की येतं). शिवाय घड्याळ. विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स जागतिक वेळेवर, म्हणून एकीकडून दुसरीकडे गेलात की साडेपाच तासांचा फरक पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, पण मुळात गरज नसताना ही गुंतागुंत घेऊ नये असं माझं मत.

काढलेली जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि वर तारीख लिहा. एक पूर्ण हंगाम आणि एक पूर्ण पावसाळा मिंटवर निघेपर्यंत ती पुसू नका. पुढच्या दिवाळीनंतर ती मोकळ्या साटा पोर्टला जोडा, काही राहून गेलंय का ते एकदा शांतपणे चाळा, ‘डिस्क्स’मध्ये तिची तब्येत बघा. ठीक असेल तर ईएक्सटी४ करून टाइमशिफ्टला ती जागा द्या. रिअलोकेटेड सेक्टर्सचा (डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांचा) आकडा वाढत असेल तर तिच्यावर काहीच ठेवू नका.